नाजुकाची पारख

इंग्रजी भाषेतील 'डेलिकेट' हा शब्द सांप्रत मराठी माणसाच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, कपडे धुण्याच्या यंत्रावरील खटक्यापासून रुग्णाच्या प्रकृतीपर्यंत आणि काचेच्या हंडीपासून दोन राज्यांच्या सरहद्दीच्या तंट्यापर्यंत, जेथे जेथे काही जपण्यासारखे असते तेथे तेथे तो आपण होऊन येऊन बसतो. त्याच्या जोडीला 'फ्रॅजाइल' हा दुसरा शब्द मालाच्या खोक्यांवर ठसठशीत छापलेला असतो. हे शब्द मूळचे कोणत्या अर्थाचे, त्यांत कोणकोणते भाव एकत्र मिसळले आहेत, आणि त्याच भावांसाठी मराठीने पूर्वीपासून कोणती तजवीज करून ठेवली आहे, याचा विचार करणे मनोरंजक तर आहेच. परंतु लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याच्या नित्य उपयोगाचेही आहे.

हा विचार करण्यास आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरसारखे ठिकाण फार सोयीचे. उटनूरच्या पुढे, महाराष्ट्राच्या सरहद्दीजवळच्या डोंगराळ मुलुखात वसलेल्या या गावाच्या पंचक्रोशीत घरात गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी, बाजारात मराठी, कचेरीत तेलुगू आणि निजामाच्या अंमलातील जुन्या दफ्तरात उर्दू, अशी भाषांची वस्ती आहे. १९५६ साली हैदराबाद राज्य विसर्जित होऊन भाषावार प्रांत झाले, तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा या तालुक्यांचे मुलूख मुंबई राज्याकडे गेले आणि उटनूरचा भाग आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. मुलूख कोणत्याही राज्यात गेला तरी बोलणे गेले नाही. ज्या गावी एकाच वस्तूला दिवसभरात चार भाषांतून हाक मारली जाते, तेथे शब्दाचे वजन माणसाला आपोआप कळू लागते.

प्रथम इंग्रजी शब्दाचे कूळ पाहू. 'डेलिकेट' हा लॅटिन भाषेतील 'डेलिकाटुस' या शब्दापासून आला असून त्या मूळ शब्दाचा अर्थ मोडण्याजोगा असा मुळीच नव्हता. सुखकारक, विलासी, लाडावलेला असा होता. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हाही रुचकर पदार्थ, चैनीचे जिणे आणि सुखात वाढलेले माणूस यांच्याविषयीच तो योजला जाई. जे लाडात वाढते त्याला कष्टाची सवय नसते आणि ज्याला कष्टाची सवय नसते त्याला थोड्याशा आघातानेही इजा होते, अशा क्रमाने पुढे सहज दुखावणारे, सहज बिघडणारे, हा अर्थ त्याला चिकटला. आज तोच अर्थ मुख्य झाला असला तरी मूळचा सुखाचा भाव इंग्रजीतून निघून गेलेला नाही. उत्तम खाद्यपदार्थाला इंग्रज अजूनही 'डेलिकसी' म्हणतो. आपण ज्याला जिभेचे चोचले म्हणतो, तेथेच या शब्दाचा जन्म आहे.

आता आपल्या 'नाजूक' या शब्दाकडे वळावे. हा फारसी शब्द. त्याचे नाते 'नाज' या शब्दाशी, आणि 'नाज' म्हणजे लाड, लाडिकपणा, नखरा. त्याच 'नाजूक'पासून फारसीने अरबी भाववाचक नामाच्या धर्तीवर 'नजाकत' हा शब्द घडवला, आणि तो गायनाच्या व अदाकारीच्या वर्णनात आपण आजही आवडीने वापरतो. संस्कृतातील 'ललित' या शब्दाची हकिगत काही निराळी नाही. 'लल्' म्हणजे खेळणे, क्रीडा करणे; त्यापासून 'ललित' म्हणजे सुंदर, सुकुमार, आणि त्याच धातूपासून 'लालन', म्हणजे मुलाचे लाड करणे. रोम, इराण आणि आर्यावर्त ही तीन स्थाने एकमेकांपासून दूर, त्यांचे लोकव्यवहार भिन्न. तथापि तिन्ही ठिकाणी कोमलतेचा शब्द लाडातून उगवला. ज्यावर प्रेम केले, जे जपले, जे अंगाखांद्यावर वाढवले, ते कोमल मानले गेले, अशीच या तीन शब्दांची साक्ष आहे. कोमलता ही केवळ वस्तूच्या अंगची उणीव नसून वस्तू आणि तिला जपणारा यांच्यातील एक नाते आहे, हे या साक्षीवरून ध्यानात येते, आणि पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

'फ्रॅजाइल' या शब्दाचे कूळ मात्र अगदी वेगळे. लॅटिन भाषेत मोडणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून तो निघाला. त्यात लाड नाही, प्रेम नाही, केवळ भंगण्याची शक्यता आहे. आपला 'भंगुर' हाही 'भञ्ज्' म्हणजे मोडणे या धातूपासून झालेला, म्हणून त्या शब्दाचा खरा प्रतिशब्द भंगुर होय. त्याच लॅटिन शब्दाचे फ्रेंच भाषेतून फिरून आलेले दुसरे रूप म्हणजे 'फ्रेल', आणि ते वृद्ध, कृश, खंगलेल्या माणसाविषयी योजतात. 'डेन्टी' हा आणखी एक शब्द. तो मूळचा प्रतिष्ठा, योग्यता या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला असून लहान, सुबक, देखण्या वस्तूला लावतात. 'ब्रिटल' म्हणजे ठिसूळ, आणि 'फ्लिम्झी' म्हणजे तकलादू. यांतील शेवटचे दोन शब्द वस्तूचा दोष सांगतात, 'फ्रॅजाइल' धोक्याची सूचना देतो, 'डेन्टी' केवळ कौतुक करतो. 'डेलिकेट' हा एकटाच असा आहे की त्यात कौतुक आणि काळजी ही दोन्ही एकवटलेली असतात. म्हणूनच चिनी मातीच्या साध्या बरणीच्या खोक्यावर 'फ्रॅजाइल' लिहितात. त्याच बरणीवरील वेलबुट्टीला मात्र 'डेलिकेट' म्हणतात.

मराठीच्या भांडारात यासाठी एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे वतन ठरलेले आहे. वयाच्या अपुरेपणाने जे मृदू ते कोवळे: कोवळी काकडी, कोवळे पान, कोवळे वय, आणि सकाळचे कोवळे ऊनसुद्धा. स्पर्शाला जे मृदू ते मऊ किंवा लुसलुशीत. अंगकाठीने जे कृश ते नाजूक, मनाने जे चटकन दुखावते ते हळवे, आणि ज्याच्या अंगी कणखरपणाच नाही ते लेचेपेचे. कडक असूनही जे तडकते ते ठिसूळ. दिसायला भक्कम पण टिकायला खोटे ते तकलादू. सुगंध कोमल असेल तर तो मंद, चव कोमल असेल तर ती सौम्य, आणि विचार किंवा कल्पना कोमल असेल तर ती तरल. १८४७ मध्ये मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. अशा कोशकारांपुढे अडचण मराठी शब्दांच्या अभावाची नसते, एका इंग्रजी शब्दासमोर उभ्या राहिलेल्या अनेक मराठी शब्दांपैकी कोणता कोठे रुजू करावा याची असते.

शब्दांच्या देशी-परदेशीपणाविषयीही येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून कारभारातील फारसी शब्दांच्या ठिकाणी संस्कृत शब्द योजण्याचा बुद्धिपुरस्सर प्रयत्न झाला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, आणि १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियन यांनीच पुढे त्या चळवळीचा पुरस्कार केला. एवढे होऊनही 'नाजूक' हा शब्द मराठीतून कोणी हलवू शकले नाही, कारण तो केवळ दरबाराच्या वाटेने टिकला नाही. तो घराघरांतून टिकला. मराठीने त्याला 'पणा' हा आपला प्रत्यय लावून 'नाजूकपणा' केला, 'साजूक' या शब्दाशी त्याची जोडी जमवून 'नाजूकसाजूक' केला, आणि तो परका असल्याची आठवणही ठेवली नाही. नार्नूरच्या बाजारात दखनी बोलणारा दुकानदार आणि मराठी बोलणारे गिऱ्हाईक या एका शब्दावर सहज एकत्र येतात.

आता शब्दांकडून वस्तूंकडे यावे, कारण शब्दाची खातरजमा शेवटी वस्तूवरच होते. आदिलाबाद हा काळ्या जमिनीचा, कापसाचा जिल्हा. बोंड उकलले की वेचणारी बाई पाच बोटांच्या टोकांनी त्यातील कापूस अशा बेताने ओढते की वाळलेल्या पाल्याचा कचरा त्यात येऊ नये. आला तर मालाची प्रत उतरते. त्या कापसातील एक तंतू सुटा केला तर तो सरकीच्या सालीवर वाढलेला, एकाच पेशीचा बनलेला केस असतो. त्याची लांबी साधारण २५ ते ३० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. यापेक्षा नाजूक म्हणावे असे शेतात दुसरे काही नाही. तथापि याच तंतूचा एक विलक्षण धर्म असा की, तो भिजल्यावर दुबळा न होता अधिक बळकट होतो. लोकर आणि रेशीम यांचे नेमके उलट आहे. कोरडेपणी चिवट असलेले हे तंतू पाण्यात कमजोर होतात. सुती धोतर दगडावर आपटून धुता येते आणि लोकरीची शाल मात्र हलक्या हाताने खळबळावी लागते, याचे एक कारण येथे सापडते. यंत्रावर 'डेलिकेट' असे लिहिलेला खटका असतो तो याच भेदासाठी. आणि कपड्यांच्या चिठ्ठीवर पाण्याच्या घंगाळाच्या चित्राखाली एक आडवी रेघ असली तर सौम्य धुलाई, दोन असल्या तर अतिशय सौम्य, असा संकेत जगभर रूढ आहे. तात्पर्य, नाजूक कोण आणि कणखर कोण हे वस्तू नुसती पाहून ठरत नाही. तिच्यावर कोणता प्रसंग येणार आहे, हे कळल्यावर ठरते.

कापसाच्या वाणालाही हाच विवेक लागू आहे. ज्याचा धागा लांब त्याचे सूत बारीक निघते, आणि बारीक सुताचे कापड तलम होते. सुताचा नंबर म्हणजे एका रत्तल सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. या बारीकपणाचे मराठीत तीन निवाडे आहेत. विणकर कौतुकाने म्हणतो तलम, दुकानदार आरपार दिसणाऱ्या कापडाला म्हणतो झिरझिरीत, आणि वापरून वापरून धागे विसविशीत झालेल्या लुगड्याला घरातली बाई म्हणते विरविरीत. पहिल्यात स्तुती, दुसऱ्यात वर्णन, तिसऱ्यात खंत. इंग्रजीतील 'सटल' या शब्दाचे मूळही विणकामातच असल्याचे मानले जाते. ताण्याखालून जाणारा बारीक धागा, असा त्याचा आद्य अर्थ सांगतात. सूक्ष्म बुद्धीचे वर्णन करण्यासाठी माणसाने मागाकडे पाहिले, हे यावरून दिसते.

बारीक म्हणजे दुर्बळ, ही समजूत काचेच्या बाबतीतही चुकीची ठरली आहे. इंग्रज अभियंता ग्रिफिथ याने १९२१ मध्ये काचेच्या मोडण्याची मीमांसा प्रसिद्ध केली. काच मूळच्या दुबळेपणामुळे फुटत नाही, तिच्यात आधीपासून असलेल्या अतिसूक्ष्म चिरा ताणाखाली वाढत गेल्यामुळे फुटते, असे त्याने दाखवले. आणि काचेचा ताजा ओढलेला अत्यंत बारीक धागा जाड कांडीपेक्षा तुलनेने कितीतरी जास्त ताण सोसतो, हेही त्याच्या प्रयोगांत आढळले. लहान आकारात मोठी चीर राहायला जागाच नसते. ज्या वस्तूचे चित्र भंगुरतेची खूण म्हणून खोक्यावर छापतात तीही काचच आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या ७८० क्रमांकाच्या प्रमाणकात जपून हाताळण्याच्या मालासाठी उभ्या दांडीच्या पेल्याचे, कोरडे ठेवण्याच्या मालासाठी छत्रीचे, आणि वरची बाजू दाखवण्यासाठी दोन बाणांचे चित्र ठरवून दिले आहे. नार्नूरला उतरणाऱ्या औषधांच्या पेटीवरील इंग्रजी अक्षरे वाचता न येणारा हमालही तो पेला पाहून पेटी आदळत नाही.

नार्नूरपासून फार दूर नसलेल्या उशेगावात, जैनूरच्या बाजूला, ओझा समाजाचे कारागीर पितळेचे ओतीव काम करतात. आदिलाबादच्या या डोक्रा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाजुकाची खरी किंमत ज्याला जाणून घ्यावयाची असेल त्याने हे काम जवळून पाहावे. मातीचा गाभा वळून तो वाळवतात. मेणाचे लांब, बारीक सूत काढून ते गाभ्यावर एकाशेजारी एक असे गुंडाळत, वळवत, दाबत मोराचा पिसारा, देवतेचे दागिने, घंटेवरील नक्षी उभी करतात. उन्हात ते मेण मऊ पडते आणि बोटाचा दाब किंचित जास्त झाला तरी रेघ पुसली जाते. नंतर त्यावर मातीचे लेप चढवतात, एक वाट मोकळी ठेवतात, आणि भट्टीत तापवले की मेण वितळून निघून जाते. त्याने रिकाम्या केलेल्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. निवल्यावर साचा फोडावा लागतो. त्यामुळे एक साचा एकदाच कामी येतो आणि एकासारखी दुसरी मूर्ती कधीच होत नाही. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी याच मेणवितळ पद्धतीने घडली आहे. मेण स्वतः क्षणभर टिकते, परंतु त्यावर उमटलेली कारागिराच्या बोटाची रेघ साडेचार हजार वर्षेही टिकू शकते. नाजूक वस्तूकडे दुबळी म्हणून पाहणाऱ्याला येथे उत्तर आहे: जे सर्वांत सहज आकार घेते तेच सर्वांत सहज बिघडते, आणि ज्यावर काहीच उमटत नाही ते कधी बिघडतही नाही.

माणसांविषयी बोलताना या शब्दांना अधिकच धार येते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील सभ्य इंग्रज गरोदर स्त्रीविषयी 'डेलिकेट' अवस्थेत आहे असे म्हणे, कारण उघड शब्दाचा त्याला संकोच वाटे. मराठीत ती दोन जिवांची असते. इंग्रजी प्रयोग तिच्या देहाची अवघड स्थिती सांगतो, तर मराठी प्रयोग घरातील सर्वांना त्यांची जबाबदारी सांगतो. दोन जीव आहेत, तेव्हा दोघांना जपा. सदा आजारी असणाऱ्याची प्रकृती आपण तोळामासा म्हणतो. बारा माशांचा एक तोळा होतो, आणि सोनाराच्या काट्यात पूर्वी माशाचाही फरक मोजला जाई. प्रकृतीचा काटा इतक्या थोड्याने खाली-वर होतो, एवढा अर्थ त्या दोन मापांत भरलेला आहे. आणि ज्याला अत्यंत काळजीने सांभाळायचे त्याला आपण तळहाताच्या फोडासारखे जपतो. फोड आपल्याच हाताचा, त्याला धक्का लागला तर दुखणार तेही आपल्यालाच. जपणारा आणि जपलेले हे एकाच देहाचे भाग आहेत, असे हा वाक्प्रचार बजावून सांगतो. उलट बाजूने, मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, अशी ताकीदही मराठीने देऊन ठेवली आहे. कोमलतेचा गैरफायदा घेणाऱ्यासाठी इतकी नेमकी म्हण क्वचितच असेल.

कारभारातही 'नाजूक' शब्दाला मोठा मान आहे. नाजूक प्रकरण, नाजूक परिस्थिती, नाजूक प्रश्न हे प्रयोग वृत्तपत्रांत नित्य येतात. या सरहद्दीवरच जिवती आणि केरामेरी यांच्या दरम्यान परमडोली, मुकदमगुडा यांसारखी चौदा गावे अशी आहेत की दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगतात, आणि तेथील अनेक रहिवाशांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आहेत. अशा प्रश्नाला नाजूक म्हणताना पुष्कळदा त्याला हातच लावू नये, असा अर्थ सोयीने घेतला जातो. तो शब्दाचा अपमान होय. मेणाचे सूत नाजूक म्हणून ओझा कारागीर काम बंद ठेवत नाही, आणि बोंडातला कापूस नाजूक म्हणून वेचणी थांबत नाही. नाजूक याचा अर्थ स्पर्श वर्ज्य असा नसून स्पर्श कसा करावा हे शिकून घेण्याची सक्ती, असा आहे.

मराठीची खरी श्रीमंती म्हणूनच मला विशेषणांपेक्षा क्रियाविशेषणांत अधिक दिसते. अलगद उचलावे, हळुवार सोडवावे, बेताने ओढावे, जपून ठेवावे, हलक्या हाताने चोळावे, सांभाळून न्यावे, हळूच उघडावे: यांतील प्रत्येक शब्द वस्तूचे वर्णन न करता हाताला वळण लावतो. अलगदमध्ये वस्तूला कळू न देता उचलण्याचे कौशल्य आहे; हळुवारमध्ये दुखऱ्या जागेची जाणीव आहे; बेतानेमध्ये मापाचे भान आहे. तान्हे मूल अलगद उचलतात, जखमेवरची पट्टी हळुवार सोडवतात, आणि भरलेली घागर बेताने तिरपी करतात. यांची अदलाबदल मराठी कानाला खपत नाही. इंग्रजी शब्द उसना घेऊन आपण 'ही वस्तू डेलिकेट आहे' एवढेच सांगून थांबलो, तर ऐकणाऱ्याला धोका कळतो, परंतु तो टाळायचा कसा हे कळत नाही.

म्हणून 'डेलिकेट' या शब्दाला मराठीत आणताना एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा. लिहिणाऱ्याने स्वतःस प्रथम विचारावे की, येथे वाखाणणी करावयाची आहे की सावध करावयाचे आहे; वस्तू सूक्ष्म आहे, कोवळी आहे, ठिसूळ आहे, की केवळ प्रिय आहे. उत्तर मिळाले की तलम, कोवळे, हळवे, भंगुर, तोळामासा, सौम्य यांपैकी योग्य शब्द आपण होऊन पुढे येतो. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा अद्याप आहेत, आणि त्या शाळांत घरी गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी मुले मराठीतून इंग्रजी शिकतात. त्या मुलांना 'डेलिकेट म्हणजे नाजूक' अशी एका ओळीची नोंद पाठ करावयास देण्याऐवजी शिक्षकाने कापसाचे उकललेले बोंड, मेणाची कांडी आणि काचेचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवावा, प्रत्येक वस्तू कशी धरावी हे त्यांना करून पाहू द्यावे, आणि मग शब्द द्यावा. अशा रीतीने शिकलेला शब्द परीक्षेनंतर विसरला जात नाही, कारण तो हाताने शिकलेला असतो. आणि ज्याच्या हाताला नाजुकाची पारख झाली, त्याच्याकडे माणसे, वस्तू आणि भाषा या तिन्ही गोष्टी निर्धास्तपणे सोपवता येतात.